कापलेली ओळ

मी जतला पोचलो तो शुक्रवार होता, आणि हीच पहिली चूक झाली. देव्हाऱ्याच्या वर टांगलेली तसबीर लक्ष्मीची. शुक्रवारी लक्ष्मी खिळ्यावरून उतरवायची नाही, असं घरच्या आक्कांनी दारातच सांगून टाकलं. आधी सुनेला कानडीत, मग माझ्याकडे वळून मराठीत: “आज हात लावायचा न्हाई बघा. लांबनं काय बघायचं ते बघा आन् च्या घ्या.”

बोलावणं त्यांच्या थोरल्या मुलाचं होतं. गावोगाव फिरून जुन्या वस्तू विकत घेणारा एकजण महिन्यापूर्वी त्यांच्या दारात आला होता. पानाचा डबा, समई, पितळी तराजू बघून झाल्यावर त्याची नजर वर गेली, आणि तसबिरीचे त्यानं जे पैसे सांगितले ते ऐकून घरात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. अट एकच. ही ‘ओरिजनल रविवर्मा’ असल्याचं कुणा जाणकाराकडून लिहून हवं. मी जाणकार नाही. वडिलांचा छोटा छापखाना होता, त्यामुळे शाई आणि रॉकेलच्या वासात वाढलो, पुढे छापील चित्रांवर चार लेख लिहिले, एवढंच भांडवल. पण खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग असलं की लोक आपोआप जाणकार समजू लागतात.

लांबून दिसलं ते असं. पाण्यातल्या कमळावर उभी लक्ष्मी, चार हात, बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती. राजा रविवर्मा यांची १८९६ची ही लक्ष्मी न पाहिलेला माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. साडीच्या काठावर खरी जर टाचलेली, गळ्यात टिकल्यांचा हार चिकटवलेला. काचेवर हळदीकुंकवाची बोटं, वर्षानुवर्षांची, एकावर एक. आणि चित्राच्या खाली, जिथं छापखान्याचं नाव असायचं नेमकं तिथं, फ्रेमची लाकडी पट्टी.

“ओरिजनल हाय न्हवं?” मुलानं विचारलं.

छापील चित्राबाबत हा प्रश्न दिसतो तेवढा सरळ नाही. छापाच्या मुळाशी असतो तांब्याचा पत्रा किंवा चुनखडीचा दगड, आणि तो कुणी भिंतीवर टांगत नाही. टांगतात त्या प्रती. म्हणजे एकतर सगळ्याच ओरिजनल, नाहीतर एकही नाही. युरोपातल्या संग्राहकांनी या एका प्रश्नावर अडीच-तीनशे वर्षं घालवली आहेत, आणि त्यात सर्वांत जास्त शाई सांडली ती रेम्ब्रांटच्या एचिंगवर.

एचिंगचं तंत्र थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. त्यावर सुईनं चित्र काढायचं. जिथं सुई फिरेल तिथं मेण निघून तांबं उघडं पडतं. पत्रा आम्लात ठेवला की उघड्या रेघा खाल्ल्या जातात. मग मेण काढून त्या खाचांत शाई भरायची, वरचा पृष्ठभाग पुसून लख्ख करायचा, आणि ओलसर कागद वर ठेवून दोन रुळांच्या मधून दाबून काढायचा. कागद खाचेत शिरतो आणि शाई घेऊन बाहेर येतो. म्हणून अशा छापात रेघ कागदावर किंचित उठलेली असते, आणि पत्र्याच्या कडांचा चौकोनी दाब चारही बाजूंनी राहतो. हा दाब बोटाला कळतो.

आता मेख अशी की चित्रकार पत्रा एकदा करून थांबत नाही. दहावीस प्रती काढतो, बघतो, एखाद्या चेहऱ्यावर सावली वाढवतो, पुन्हा छापतो. अशा प्रत्येक टप्प्याला जाणकार वेगळा क्रमांक देतात. आपल्याकडे पोथ्यांचे पाठभेद असतात, तसाच हा प्रकार. कुठली ओवी आधीची, कुठली मागाहून घुसडलेली, हे जसं पोथ्या शेजारी ठेवून ठरवतात तसं इथं प्रती शेजारी ठेवून ठरवतात. फरक एवढाच की पोथीत नक्कल करणाऱ्याच्या हातून चुका वाढत जातात, आणि पत्र्यात तांबं झिजत जातं. पहिल्या प्रती काळ्याभोर आणि मखमली, शेवटच्या राखाडी.

रेम्ब्रांट १६६९ मध्ये गेला. त्याचे पत्रे मात्र पुढची दोनशेहून अधिक वर्षं छापत राहिले. ‘शंभर गिल्डरचं चित्र’ म्हणून ओळखलं जाणारं त्याचं ख्रिस्ताचं एचिंग घ्या. त्याचा झिजलेला पत्रा १७७५च्या सुमारास विल्यम बेली नावाच्या निवृत्त ब्रिटिश कॅप्टनच्या हाती आला. त्यानं रेघा पुन्हा खोल केल्या, शंभर प्रती काढल्या, आणि मग पत्रा कापून त्याचे चार तुकडे केले. त्या शंभर प्रती कुणाच्या? तांबं रेम्ब्रांटचं, रचना रेम्ब्रांटची, रेघ बऱ्याच ठिकाणी कॅप्टनसाहेबांची.

पण स्वतः रेम्ब्रांटनंही हेच केलं होतं, आणि ही गोष्ट मला जास्त आवडते. हर्क्युलीस सेगर्स नावाचा त्याच्या आधीच्या पिढीतला विक्षिप्त चित्रकार कापडावर, रंगीत कागदावर छाप काढायचा; प्रत्येक प्रत निराळी. हयातीत त्याला कुणी विचारलं नाही. त्याचे छाप दुकानदारांनी लोणी आणि साबण गुंडाळायला वापरले, असं त्यानंतरच्या पिढीतल्या एका डच लेखकानं लिहून ठेवलं आहे. आज त्याच्या पन्नासएक पत्र्यांच्या मिळून दोनशेहून कमी प्रती जगात उरल्यात. सेगर्सचा एक पत्रा रेम्ब्रांटकडे आला. त्यात टोबियस आणि देवदूत होते. रेम्ब्रांटनं ते दोघे घासून काढले, त्या जागी गाढवावर बसून इजिप्तला निघालेलं बाळ येशूचं कुटुंब कोरलं, आणि मागची झाडं, डोंगर सेगर्सचे तसेच ठेवले. नीट पाहिलं तर देवदूताच्या पंखाच्या रेघा झाडीत अजून दिसतात. एक पत्रा, दोन हात, आणि पुढे शेकडो वर्षं एकच नाव.

व्हिएन्नाच्या आडाम बार्च यानं १७९७ मध्ये रेम्ब्रांटच्या छापांची यादी केली तेव्हा आकडा ३७५ वर गेला. शिष्य, नकलाकार, शेजारी, सगळे त्या एका नावाखाली जमा झाले होते. पुढच्या अभ्यासकांनी एकेक वजा करत आज हा आकडा तीनशेच्या आसपास आणला आहे. कागदातले जलचिन्ह, जपानहून डच कंपनीच्या जहाजांतून आलेला पिवळसर कागद, रेघेचा वेग, असे सगळे साक्षीदार तपासून. मोठं नाव भोवऱ्यासारखं असतं, जवळून जाणारं सगळं आत ओढतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवून मी जतहून निघालो.

ती आपल्याकडेही लागू पडते, कारण ज्या वर्षांत रेम्ब्रांटचे पत्रे ॲम्स्टरडॅममध्ये हातोहात फिरत होते, त्याच शहरात नागरी अक्षरं तांब्यावर कोरली गेली. ‘होर्तुस मलाबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाचा पहिला खंड १६७८ मध्ये तिथं छापला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचं कोकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं प्रमाणपत्र तांब्यावरून छापलेलं आहे. ते कोरणाऱ्या डच कारागिराला त्यातलं एक अक्षर वाचता येत नसणार. त्यानं पानाफुलांसारखीच ती वळणं उतरवली. लिहिणाऱ्या तिघांची नावं टिकली. कोरणाऱ्याचं?

हाच प्रश्न आपल्या मुलखात, जतच्या पश्चिमेला, मिरजेत पुन्हा उभा राहतो.

गोष्ट सुरू होते पुण्यात. चार्ल्स मॅलेट हा पेशवे दरबारातला ब्रिटिश वकील. १७९१ मध्ये जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची त्यानं केलेली चित्रं प्रसिद्ध आहेत. या मॅलेट-वेल्सच्या वर्तुळात एक पुणेकर चित्रकार होता: गंगाराम चिंतामण तांबट, नवगिरे. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा, तालमीतले पैलवान, कार्ल्याची आणि वेरूळची लेणी त्यानं रेखाटली. ती रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहेत. हॉली शॅफर यांच्यासारख्या अभ्यासकांनी अलीकडच्या काळात गंगारामाला त्याचं नाव परत मिळवून दिलं, तोवर तो ‘साहेबाचा नेटिव्ह नकाशेवाला’ एवढाच होता.

मॅलेटनं गंगारामाला वेरूळला धाडलं ते वेल्स तिथं जायच्या आधी. वेल्स १७९५ मध्ये वारला. १८०३ मध्ये लंडनला वेरूळच्या २४ दृश्यांचा भव्य छापील संच निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर लिहिलंय की ही चित्रं जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलनं व त्याच्या देखरेखीखाली कोरली. अर्पण कुणाला, तर मॅलेटला. मधल्या काळात मॅलेट वेल्सचा जावई झाला होता, म्हणजे घरचंच काम. अशा युरोपीय छापांच्या तळाला डावीकडे ‘रेखाटलं’ आणि उजवीकडे ‘कोरलं’ असं लिहिण्याची रीत असते. दोनच जागा. तिसऱ्या माणसासाठी त्या रीतीत जागाच नव्हती.

आता मिरज. नाना फडणवीसांच्या मनात भगवद्गीता छापायची होती. मॅलेटच्या मंडळींकडून एका तांबटानं तांब्यावर कोरून छापायची विद्या शिकून घेतली आणि काम सुरू झालं. १३ मार्च १८०० रोजी नाना गेले. पुण्यात पुढे जे झालं ते इतिहासाच्या पुस्तकात आहे. गीतेकडे बघायला कुणाला सवड नव्हती. तो तांबट आपलं काम घेऊन मिरजेला गंगाधरराव गोविंद पटवर्धनांकडे आला, आणि १८०५ मध्ये, शके १७२७ मध्ये, मिरजेत गीता छापून झाली. त्याच साली बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण निघालं. म्हणजे एकाच वर्षी तिकडे पाद्री आणि पंडित वैजनाथ यांच्या मदतीनं जुळवलेले खिळे, आणि इकडे हातोडी-टाचणी घेऊन बसलेला एकटा कारागीर. मराठी मुद्रणाच्या इतिहासात पहिल्याला प्रकरण मिळतं, दुसऱ्याला परिच्छेद.

तांबटच का, हे मला फार दिवस कळलं नव्हतं. मग लक्षात आलं की लग्नात दिलेल्या हंड्या-कळशांवर नाव घालायचं काम याच हातांचं. टाचणीनं ठोकत ठोकत ‘चि. सौ. कां.’ पासून गावाच्या नावापर्यंत सगळं तांब्यावर उठवणारा माणूस अक्षर आणि धातू दोन्ही जाणतो. त्याच्या आधी ताम्रपट कोरणारे होतेच. पण हंड्यावरचं नाव सरळ वाचायचं असतं. छापायच्या पत्र्यावर प्रत्येक अक्षर उलटं, आरशातल्यासारखं कोरावं लागतं. ओळ उजवीकडून सुरू करायची, वेलांटी उलटी वळवायची, ‘क’चं पोट दुसऱ्या बाजूला. गीतेचे सातशे श्लोक! एक अक्षर चुकलं तर तांबं मागून ठोकून वर आणायचं, घासायचं, पुन्हा कोरायचं. इतके महिने, कदाचित वर्षं, उलटी गीता वाचत बसलेला तो माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणि त्याचं नाव?

इथं मोह होतो. पुण्यात मॅलेटच्या हाताखाली तयार झालेला तांबट आपल्याला एक माहीत आहे. गंगाराम. धागा जुळवून टाकावा, मथळा द्यावा, मोकळं व्हावं. मी हा मोह आवरतो, आणि त्याला कारण बार्चची ती ३७५ची यादी. पुण्यात तांबटांची अख्खी आळी होती. माहीत असलेलं नाव एकच आहे म्हणून सगळं काम त्याच्या खात्यावर टाकणं म्हणजे उरलेल्या आळीला दुसऱ्यांदा पुसणं. गंगारामाची रेखाटनं बघितली तर त्याची रेघ पाण्यासारखी सैल, हौशी, माणसांच्या हालचालींत रमणारी. त्यानं अक्षरंही कोरली नसतील असं मी म्हणत नाही. पण हातावरून हात ओळखायचा तर अक्षराशेजारी अक्षर ठेवावं लागेल, पैलवानाशेजारी श्लोक ठेवून चालणार नाही.

मिरजेची ही गीता दुर्मीळ आहे, पण ज्या अर्थानं रेम्ब्रांटची पहिली प्रत दुर्मीळ असते त्या अर्थानं नाही. तिकडे मोजक्याच प्रती काढून, मोजूनमापून, पेट्यांत जपून ठेवल्या गेल्या. गीता वाचण्यासाठी छापली होती. हाताळली गेली, पानं तेलकट झाली, सुटली, आणि जीर्ण पोथीचं आपण जे करतो ते तिचंही झालं असणार: नदीत सोडली. मिरजेला कृष्णा जवळच आहे.

शनिवारी मी औंधला गेलो. जत आणि औंध ही दोन्ही सातारच्या छत्रपतींच्या जहागिऱ्यांतली संस्थानं, फलटण, भोर, अक्कलकोट आणि डफळापूर यांच्याबरोबरची. जतला डफळे, औंधला पंतप्रतिनिधी. वाटेत लागणारं आटपाडी हेही औंधचंच. दुष्काळ दोन्हीकडे सारखाच वाटून दिलेला, पण औंधला एक चित्रवेडा राजा मिळाला. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्कारांचे प्रचारक. यमाईच्या डोंगरावरचं श्रीभवानी संग्रहालय त्यांनी उभारलं. तिथं रविवर्म्यांची अस्सल तैलचित्रं आहेत, आणि युरोपातल्या नामांकित कलाकृतींच्या प्रतिकृतीही आहेत, प्रतिकृती म्हणूनच मिरवणाऱ्या. राजाला नकलेची लाज वाटली नाही, कारण त्याला त्या प्रजेला दाखवायच्या होत्या, विकायच्या नव्हत्या.

याच बाळासाहेबांनी १९१८ मध्ये महाभारताच्या सचित्र आवृत्तीसाठी लाख रुपये देऊ केले, आणि त्यातून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीचं काम उभं राहिलं. देशभरातल्या पोथ्या शेजारी-शेजारी मांडून मूळ पाठाच्या जवळ जाण्याचा तो खटाटोप १९६६ पर्यंत चालला. शब्दांच्या बाबतीत मराठी माणसानं केवढी चिकाटी दाखवली! आणि घराघरांत लाखांनी टांगलेल्या चित्रांच्या पाठभेदांची यादी करायचं काम मोठ्या प्रमाणावर हातात घेतलं ते एर्विन नॉयमायर आणि क्रिस्टीन शेल्बर्गर या व्हिएन्नाकडच्या जोडीनं. त्यांचं पुस्तक २००३चं. म्हणजे बार्चच्याच गावची माणसं. याचं मला थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोला.

रविवर्म्यांचं तैलचित्र समोर असतानाही ‘एक कॅनव्हास, एक हात’ हे समीकरण टिकत नाही. धाकटा भाऊ सी. राजराज वर्मा आयुष्यभर त्यांच्याबरोबर फिरला, बरोबर रंगवत बसला. मागचे डोंगर-पाणी अनेकदा त्याचं. त्याची रोजनिशी छापली गेल्यावर हे स्पष्ट झालं. सही मात्र थोरल्याची. मग १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला. तैलचित्र कॅनव्हासवर होतं ते दगडावर उतरवायचं म्हणजे एकेका रंगाचा एकेक दगड: बव्हेरियातून आणलेली गुळगुळीत चुनखडी, तिच्यावर तेलकट खडूनं आणि शाईनं ठिपके. गुलाबी त्वचेसाठी एक, तिच्या सावलीसाठी दुसरा, जरीसाठी तिसरा, असं करत दहापंधरा दगड एका चित्राला लागायचे. हे दगडावरचे हात जर्मन कारागिरांचे आणि त्यांच्याकडून शिकलेल्या इथल्या मुलांचे. वर वार्निश चढवून तैलचित्राचा भास आणायचा, म्हणून नाव ओलिओग्राफ.

प्लेग आला, कर्ज वाढलं, छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञानं तो विकत घेतला. चित्रांचे हक्क गेले, दगड गेले, आणि नावही गेलं. १९०६ मध्ये रविवर्मा वारले, पण ‘रविवर्मा प्रेस’ पुढे अनेक दशकं चालला. त्यानं धुरंधरांसारख्या इतरांची चित्रं छापली, औषधाच्या आणि काडेपेटीच्या वेष्टनांवरही पोट भरलं. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं त्या दारातून जे बाहेर पडेल ते रविवर्मा. इथं काही काळ नोकरी केलेल्या एका तरुणानं पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि मग सगळं सोडून हलत्या चित्रांचा नाद धरला. ते दादासाहेब फाळके.

त्याआधी पुण्यात १८७८ पासून चित्रशाळा होतीच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेली आणि वासुकाका जोशींनी वाढवलेली. रामपंचायतन, नाना फडणवीस, महादजी. चित्रशाळेच्या चित्रावर चित्रशाळेचं नाव. चित्रकार कोण हे विचारायची पद्धतच नव्हती. आणि मुंबईच्या बाजारात पहिल्या महायुद्धापूर्वी थेट जर्मनीत छापलेले आपले देव ढिगानं येत. शंकर-पार्वती, तळाला बारीक अक्षरांत परदेशी गाव.

बाजार आता या सगळ्याला ‘ओरिजनल’ म्हणतो, आणि एका ओळीवर सौदा ठरतो. ओळीत छापखान्याचं आणि गावाचं नाव असतं. गाव मुंबई असेल तर सुरुवातीची प्रत, कार्ला-लोणावळा असेल तर नंतरची. ओळ गेली की प्रत पोरकी.

रविवारी सकाळी तसबीर उतरली. आक्का स्वतः खुर्चीवर बसून देखरेख करत होत्या. मागची फळी काढली, तर आत कानडी वर्तमानपत्राचा तांबूस झालेला कागद आणि एका कोपऱ्यात वाळवीनं काढलेला नकाशा. जतची हवा कोरडी. कोकणात हेच चित्र बुरशीनं कधीच गेलं असतं. मी भिंग लावलं.

आजची ऑफसेट छपाई भिंगाखाली लगेच पकडता येते. सारख्या अंतरावर, फुलांच्या पाकळ्यांसारखे मांडलेले चार रंगांचे ठिपके, कवायतीतल्या पोरांसारखे रांगेत. जुनी म्हणून विकायला चहाच्या पाण्यात बुडवलेला नवा कागदही या ठिपक्यांमुळे फसतो. इथं रांग नव्हती. ठिपके वेडेवाकडे, कुठं दाट, कुठं विरळ, गालावर नाजूक आणि पाण्यात ढोबळ. कुणीतरी हातानं टिपलेले. एका पाकळीवर लाल रंग केसभर सरकला होता, दगड बसवताना चुकलेला. म्हणजे शिळाछाप खरी, बऱ्याच रंगांची, जुनी. एवढं मी छातीठोक सांगू शकत होतो. गालावरचे ठिपके टिपणारा आणि पाणी टिपणारा माणूस एकच नसावा, एवढं आणखी, जरा दबकत.

मग खाली सरकलो. फ्रेमच्या पट्टीमागे कागद होता, पण पांढरी पट्टी नव्हती. कापली होती. कात्री अगदी ओळीतून गेली होती, त्यामुळे अक्षरं गेली आणि शिरोरेखेच्या वरचं तेवढं राहिलं. एक वेलांटी. थोडी जागा सोडून एक रफार.

“रविवर्माच की!” मुलगा उभाच राहिला. “वि-ची वेलांटी, र्मा-चा रफार.”

मलाही क्षणभर तसंच वाटलं, नाकारत नाही. वेलांटी आणि रफार, त्याच क्रमानं, साधारण तेवढ्याच अंतरावर. पण कागदाच्या डाव्या बाजूलाही थोडं फाटलेलं, म्हणजे वेलांटीच्या आधी आणखी काय होतं ते गेलेलं. ‘प्रिंटर्स’लाही वेलांटी आणि रफार आहेच. अनुस्वार? असेल-नसेल, तिथं नेमका वाळवीचा ठिपका. मुलानं मोबाइलवर फोटो काढले, मोठे केले, त्या खरेदीदाराला धाडलेही.

मी वहीचं पान फाडून लिहून दिलं: अनेक रंगांची शिळाछाप, हाती टिपलेली, वार्निश चढवलेली, जर व टिकल्या मागाहून घरी लावलेल्या, रचना राजा रविवर्मा यांची, छापखाना आणि कारागीर सांगता येत नाहीत, तळाची पट्टी कापलेली. मुलानं वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. चेहऱ्यावरून कळलं की हा कागद त्या माणसाला दाखवला जाणार नाही.

आक्का एवढा वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, बहात्तरच्या दुष्काळात या घरातला सगळा तांब्या-पितळ्याचा जिन्नस विकला. हंडे, घंगाळ, सासूच्या माहेरचं नाव घातलेली कळशी, सगळं किलोवर गेलं. “ह्या कागदाला तवा कोन इचारतंय? म्हून ऱ्हायला.” मळवलीचा छापखाना जळाला तोही १९७२ मध्येच, आणि पुरावस्तूंच्या निर्यातीवर बंधन घालणारा कायदा झाला तोही त्याच साली. रविवर्म्यांची अस्सल चित्रं पुढे कलानिधी म्हणून देशाबाहेर न्यायला बंदी झाली. हे मी त्यांना सांगितलं. त्यांना कळशीचंच जास्त वाटत होतं. तिच्यावरचं अक्षर लई सुंदर होतं, म्हणाल्या, असं ठोकून काढलेलं की बोट फिरवलं तर कळायचं.

मी विचारलं, तसबिरीची खालची पट्टी कुणी कापली, काही आठवतं का?

“कापली व्हय. माझ्या म्होरंच कापली. नवी नवरी होते मी. यल्लम्माच्या जत्रंत फ्रेमवाला बसायचा. सासूबाईंनी ह्यो कागद सुरळी करून न्हेला. मोठी फ्रेम आठ आन्यानं जास्त सांगत हुता तो. सासूबाई म्हनल्या, ल्हान फ्रेममदी बसव. त्यो म्हनला, मग खालचं लिवल्यालं जाईल.”

“मग?”

“मग काय. सासूबाईंनी इचारलं, पाय जात्यात का? त्यो म्हनला, न्हाई. तर म्हनल्या, मग काप.”